दयानंदाची पापं

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझा भाचा दयानंद, जो कधी जन्मालाच आला नव्हता, लिंगराजपुरमला चंद्राबाईंच्या दारात चपला काढून आत आला आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसला. मी चहाचा घोट घेतलेला होता. तो गिळायचा की बशीत परत सोडायचा हे काही क्षण ठरेना, आणि तेवढ्यात त्याची चव बदलत बदलत पितळेसारखी झाली. मी त्याला उंच केला होता, हा बुटका होता. मी त्याच्या डाव्या भुवईवर खोक दिली होती, याच्या उजव्या भुवईवर होती. नागनाथ माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "अण्णा, बाजू लक्षात राहत नाही माणसाच्या. चार वर्षं झाली की." सगळे रडत होते. पुण्याहून आलेला शुभंकर, कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलेला, गिटार मांडीवर उलटी ठेवून रडत होता. चंद्राबाई भिंतीला धरून उभ्या होत्या आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होत्या, "आला बघा, मधुअण्णा. आला." आणि तो बुटका माणूस गुडघे जुळवून, खुर्चीच्या अगदी कडेला टेकून, माझ्याकडे बघत होता. कारखान्यात नवीन घड्याळ तपासायला आलं की मी काटे बघण्याआधी त्याचा आवाज ऐकायचो. याचा आवाज मला ऐकू येत होता. घाबरलेला होता, पण नियमित.

एकतीस वर्षं मी घड्याळांच्या कारखान्यात केसासारख्या स्प्रिंगा बसवल्या. भिंग लावून लावून उजवा डोळा अर्धा मिटलेलाच राहिला. लोकांना वाटतं मी सारखा डोळा मारतो. खोटं मला त्या डोळ्यानेच शिकवलं असावं, कारण काहीही सांगितलं तरी समोरचा आधीच हसायला तयार असे. मी सांगितलेलं आहे की एकदा एक घड्याळ माझ्या हातून उलटं फिरू लागलं आणि ते आठवडाभर वापरून आमच्या फोरमनचे केस काळे झाले. मी सांगितलेलं आहे की माझ्या बापाचा बाप्तिस्मा कृष्णेत झाला तेव्हा एक मगर पाळकसाहेबांच्या झग्याखालून गेली आणि तिने पुढे मांस सोडलं. बायको होती तोवर ती या गोष्टींच्या शेवटी नुसतं "हं" म्हणायची, आणि त्या "हं"मुळे गोष्ट जमिनीवर राहायची. ती गेल्यावर घर फार नीट राहू लागलं. ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडे. चर्चची सकाळची उपासना इंग्रजीत, तिथे मी देवाला कळवत काही नसे, नुसता सगळ्यांबरोबर उठायचो, बसायचो. मग कुणीतरी म्हणालं, रविवारी दुपारी चारला चंद्राबाईंकडे मराठी मंडळी जमते. त्यांचं घराणं तीन पिढ्या इथल्या कॅन्टोन्मेंटात, मराठीत कानडी शब्द सहज येत. पहिल्याच दिवशी त्यांनी दार उघडलं, "स्वल्प सरकून बसा, अण्णांना जागा द्या" म्हणाल्या, आणि अकरा माणसं एकदम सरकली. माझ्यासाठी अकरा माणसं सरकलेली मी तोवर पाहिली नव्हती. आपल्या भाषेत "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हणताना माझा आवाज सगळ्यांच्या वर गेला ते खरं होतं. त्यात मी काही घातलेलं नाही.

तर त्या मंडळीत एक खुर्ची रिकामी ठेवायचा रिवाज होता. वर्तुळात बसायचं आणि एक खुर्ची सोडायची, जो अजून आलेला नाही त्याच्यासाठी. प्रत्येकाने आपलं एक हरवलेलं मेंढरू सांगायचं, नावानिशी, पापानिशी, आणि सगळ्यांनी त्या खुर्चीवर हात ठेवून प्रार्थना करायची. नागनाथ त्याच खुर्चीतून आलेला. बायकोने दोन वर्षं त्याची दारू मागितली, म्हणजे सुटावी म्हणून मागितली, आणि एका रविवारी तो खरंच येऊन बसला. तेव्हापासून नव्याने हवालदार झालेल्या शिपायासारखा तो त्या खुर्चीचा कायदा सांभाळत असे. चौथ्या का पाचव्या रविवारी त्याने मला विचारलं, "अण्णा, तुमचं कोण?" मी म्हटलं, कुणी नाही. "कुणीच नाही? असं कसं, अण्णा. हरवलेलं कुणीच नाही म्हणजे घरात माणूसच नव्हतं." तो हे प्रेमानेच म्हणाला. सगळे प्रेमानेच माझ्याकडे बघत होते. चंद्राबाईंची मान एका बाजूला कलली होती, लंगड्या कुत्र्याकडे बघताना कलते तशी. मी म्हटलं, "एक भाचा आहे. दयानंद." नाव तोंडातून पडलं आणि खोलीत जागा करून बसलं. मला बहीण नाही. तेव्हा बहीण दिली, तिला मिरजेला ठेवली, तिला क्षय दिला, मारली. पोराला दारू दिली. पण दारू नागनाथची होऊन गेलेली, तिने कुणी हललं नाही, म्हणून मी म्हटलं, "आईवर हात टाकला त्याने." तेव्हा चंद्राबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मला कळलं की मी आता इथला झालो. तो राहतो कुठे, विचारलं. त्या सकाळी मार्केटच्या स्टँडवर एका बसची पाटी वाचली होती. म्हटलं, आनेकलला. धाग्याच्या कारखान्यात.

चार वर्षं. लोक आले, खुर्चीत बसले, उठून दुसऱ्या खुर्चीत गेले. शुभंकरचा रूममेट आला, कुणाची जाऊ आली. दयानंद येईना. आणि तो येईना म्हणूनच मंडळी वाढली, हे मी शपथेवर सांगेन. चंद्राबाई त्याच्यासाठी शुक्रवारी उपास करू लागल्या, मग सगळेच करू लागले. ज्या नागनाथला दोन ओळी धड वाचता येत नव्हत्या तो दयानंदासाठी स्तोत्रं पाठ करू लागला. भांडलेल्या दोन बहिणी त्याच्या नावाने गुडघे टेकताना शेजारी आल्या आणि तशाच राहिल्या. शुभंकर म्हणायचा, "काका, अॅक्च्युअली मी दयानंदसाठी प्रे करताना स्वतःलाच बघतो. मीही घरी फोन करत नाही." एके सकाळी दाढी करताना आरशात माझ्या गालावरचा साबण वाहत असलेला दिसला, आणि मी त्याच्यासाठी, त्या नसलेल्या पोरासाठी, खरोखर मागत होतो, की देवा, त्याला परत आण. कुणाला ऐकू येणार नाही अशा ठिकाणी मागत होतो. माणसाने आयुष्यात एकदाच मनापासून प्रार्थना करावी आणि ती ऐकली जावी, याहून वाईट काय असतं ते मला अजून माहीत नाही. नागनाथ आणि शुभंकर दोन रविवार स्कूटरवरून आनेकलला गेले. धाग्याच्या कारखान्यांच्या फाटकांवर विचारत फिरले, मराठी बोलणारा दयानंद, भुवईवर खोक. मला सांगितलं नाही. मला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

त्या दिवशी सगळं आटपल्यावर मी त्याला गेटाबाहेर शेवग्याच्या झाडाखाली गाठला. तो निपाणीकडचा होता, नावाने मात्र खरंच दयानंद. "मी तुझा मामा नाही," मी म्हटलं. "ठावं हाय की," तो म्हणाला. मग कशाला आलास, विचारलं. तो पायाच्या अंगठ्याने शेंगेचं साल उलटं-सुलटं करत राहिला. "ते दोघं आले. म्हणाले, चार वर्सं तुज्यासाठी खुर्ची ठेवलीया. कारखान्यात आमाला टेकायला फळी न्हाई ओ. चार वर्सं कुणी खुर्ची ठेवतंय म्हंजे... म्हटलं, आसंल. चुकून मीच आसंल." मग म्हणाला, "सांगनार हायसा त्यांना?" मी उजव्या डोळ्याने त्याच्याकडे बघितलं, त्याला वाटलं मी डोळा मारला, आणि तो हसला. मी म्हटलं, "बघू." तो शब्द जिभेवर गोळीसारखा विरघळला. संध्याकाळभर पुरला.

पुढच्या रविवारी त्याने साक्ष दिली. आईवर हात टाकल्याची कबुली द्यायची होती, चार वर्षं सगळे तेवढ्यासाठी थांबलेले. मी मजेत बसलो होतो, हा पडणार म्हणून. तो उभा राहिला, खाली बघत म्हणाला, "तिच्या हातात परात हुती. पीठ सांडलं. ती मला काय बोलली न्हाई, खाली बसून पीठ भरायला लागली." बस एवढंच. चंद्राबाईंनी त्याला छातीशी धरला. परात माझी नव्हती. पीठ माझं नव्हतं. तीस वर्षं मगरी आणि उलटी घड्याळं सांगून मी कुणाच्या डोळ्यातून एक थेंब काढला नव्हता, आणि हा फाटक्या कॉलरचा माणूस माझ्याच मालावर पीठ भुरभुरून गेला. त्या दिवसापासून चंद्राबाई मला "मग अण्णा, काय म्हणतो तुमचा कारखाना?" विचारायच्या थांबल्या. त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेतलं, तपकिरी. मी गोष्ट काढली की नागनाथ हात वर करून म्हणे, "अण्णा, दयानंदला बोलू द्या." म्हणून मी शनिवारी बसून नवं पाप घडवू लागलो. हळूच नागनाथच्या कानात सोडायचं, जड मनाने, की अजून एक गोष्ट आहे रे, त्याच्या तोंडून आली तर बरं. आईचं पवित्र शास्त्र चुलीत घातलं. रविवारी त्याला विचारलं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कबूल केलं. "पानं सादळलेली हुती," म्हणाला, "लवकर पेटंनात." तिच्या मातीला आला नाही, हे मी घातलं. त्याने कबूल केलं, आणि त्या वेळी आपण स्टँडवर बसून उसाचा रस पीत होतो हेही सांगितलं. मंडळी वितळत होती. मला फक्त एवढंच हवं होतं की त्याने एकदा "नाही" म्हणावं. एकदा माझ्याकडे बोट करून म्हणावं, हा म्हातारा रचतो. मग मीही उठून "हो" म्हटलं असतं, असं मला वाटे. पण तो उचलत राहिला. हमाल पाठीवरचं ओझं जरा उडवून नीट बसवतो तसं प्रत्येक पाप तो जरा उडवून बसवी आणि पुढच्यासाठी वाकून उभा राही. त्याचा बाप्तिस्मा ठरला. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार.

त्याला नऊ दिवस उरले असताना, शुक्रवारी, मी चिकपेटच्या बाजारात बनियन घ्यायला गेलो होतो, तिथे गर्दीत नागनाथ भेटला. मी काही ठरवलेलं नव्हतं. हातगाड्या, धक्के, साड्यांच्या गठ्ठ्यांचा खळीचा वास, आणि नागनाथ सांगू लागला की चंद्राबाई म्हणतायत, बाप्तिस्म्यानंतर दयानंदलाच मंडळीत प्रार्थना चालवू द्यावी. मी म्हटलं, "बाप्तिस्म्याआधी सगळं बाहेर आलेलं बरं." कुठलं सगळं, त्याने विचारलं. एका दुकानासमोर एक पोटुशी बाई पायरीवर बसून पाणी पीत होती. मी तिच्याकडे बघत म्हटलं, "पहिली बायको होती त्याला. सात महिन्यांची होती. मिरजेच्या स्टँडवर पाणी आणतो म्हणून गेला तो परत आला नाही." नागनाथने माझा दंड घट्ट धरला. "अण्णा, किती सोसलंत हो तुम्ही." दोन महिन्यांत मी त्या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं की तुझं लग्न झालंय का. माझ्या भाच्याचं झालेलं नव्हतं.

रविवारी तो बायकोला घेऊन आला. कस्तुरी. सातवा महिना तरी असावा. हिरवी साडी, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर कुणाच्याही घरी पहिल्यांदा जाताना असतो तो धुतलेला चकचकीतपणा. तपकिरी स्वेटर घालून दयानंद दारात उभा, भर दुपारी घाम गाळत, आणि सगळ्यांना दाखवतोय, "ही." चंद्राबाईंनी तिला मऊ उशी दिली. पहिलं गीत सुरू झालं. पाच कडव्यांचं गीत, प्रत्येकानंतर ध्रुपद. मी नागनाथच्या शेजारीच बसलो होतो, त्याच्या कानापासून वीतभर. पहिल्या कडव्याला वाटलं, सांगावं, आज नको विचारूस. दुसऱ्याला वाटलं, तो स्वतःच शहाणा आहे, बायकोसमोर कसा विचारेल. तिसऱ्याला मी नागनाथकडे पाहिलं तर त्याचे डोळे मिटलेले, गळ्याची शीर ताठ, आणि त्याला काही शहाणपण नाही, नुसता विश्वास आहे, हे दिसलं. चौथ्याला कस्तुरी माझ्याकडे बघून हसली. मामेसासरा ना मी. पोटावर हात ठेवून ताल धरत होती, आत कुणाला तरी शिकवत असल्यासारखी. मी नागनाथच्या कानाशी वाकलो नाही. भीतीने नव्हे. शेवटच्या स्प्रिंगला हात लावल्यावर घड्याळ चालतं का बघायला श्वास रोखतात, तसा मी बसलो होतो. पाचवं कडवं छोटं होतं.

"दयानंद," नागनाथ म्हणाला, अगदी मायेने. "बाप्तिस्म्याआधी एक राहिलंय, भावा. पहिलीचं. मिरजेच्या स्टँडवर सोडलीस ती." दयानंद वाकलेला होताच, सवयीने. मग सरळ झाला. बायकोकडे पाहिलं. म्हणाला, "न्हाई. ह्ये मी केल्यालं न्हाई." नागनाथ म्हणाला, "आईला मारल्याचं सांगितलंस, शास्त्र जाळल्याचं सांगितलंस. मग हेच कसं अडतं? अडतं तिथेच खिळा असतो रे." तिघांनी उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवले. त्या हातांखालून तो मला शोधत म्हणाला, "मामा, सांगा की." खोलीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "लपवू नकोस, बाळ." हे वाक्य मी कुठून आणलं ते मला माहीत नाही. ते तयारच होतं.

"आईला मारलं?" कस्तुरीने विचारलं. हळू. तिने ते कुणालाच विचारलं नव्हतं, पण चंद्राबाई तिच्याजवळ खाली बसल्या, तिच्या पाठीवर हात फिरवत सगळं सांगू लागल्या, परात, पीठ, चूल, उसाचा रस, पाठ झालेलं, एकही शब्द न चुकता. "घाबरू नको, पोरी. प्रभूने धुतलं सगळं. आता एवढंच राहिलंय." इतक्या मऊ हाताने मी कुणाला मारलेलं पाहिलं नाही. कस्तुरीने तो हात बाजूला केला, उशी जागेवर ठेवली, आणि भिंतीला धरून उठली. दारात चपला घालायला तिला वेळ लागला, पोटामुळे पाय दिसत नसावेत. कुणी हललं नाही. दयानंद हातांखाली होता.

तेव्हा मी उभा राहून बोललो. मला बहीण नाही, म्हटलं. भाचा नाही. हा माणूस माझा कुणी नाही, यातलं एकही पाप याने केलेलं नाही, सगळी मी केली, म्हणजे रचली. मग चंद्राबाईंनी हुंदका दिला. "बघा. बघा, अंगावर घेतायत. भाच्याचं सगळं स्वतःच्या अंगावर घेतायत." शुभंकर गुडघ्यावर आला. "काका, हेच तर ग्रेस आहे ना. हे मला आज कळलं." मी पुन्हा सांगितलं, आता बारकाव्यांसह, ती बसची पाटी, चिकपेटातली पाणी पिणारी बाई. मला कुठलीही गोष्ट वाईट सांगता येत नाही. जितकं खरं सांगितलं तितके ते रडले. नागनाथ माझ्या पाया पडला. मी त्याला ओलांडून जिना उतरलो.

ती बस स्टॉपवर उभी होती, कंबरेला मागून हात लावून. मी धापा टाकत तिला सगळं सांगितलं. इथे कुणी रडलं नाही. ती ऐकत होती, आणि ऐकताना रस्त्याकडे बघत होती. "म्हंजे मारल्यालं न्हाई," ती म्हणाली. नाही, म्हटलं. "जाळल्यालं न्हाई." नाही. "मग घरी येऊन रडायचा ते?" तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "दर रविवारी येऊन रडायचा. सासूला कागद धाडला त्यानं, आई, मला माफी कर म्हणून. ती निपाणीत हाय, ठणठणीत. शेजारच्या मास्तराकडनं वाचून घेते. चार दिवस झालं जेवली न्हाई म्हणून कळवलंय, पोराला काय झालं म्हणून." मी म्हटलं, पोरी, दोष माझा आहे, तो निर्दोष आहे. "मारणारे लई बघितले ओ मी," कस्तुरी म्हणाली. "माझा बा मारायचा. मारलं आसतं तर ऱ्हायले आसते. न केल्यालं कबूल करतोय, बसायला दिलं म्हणून. उद्या कुणी पाट मांडला तर ही माझी न्हाई म्हणंल, पोर माझं न्हाई म्हणंल." बस आली. "त्याला सांगा, मी गोकाकला आईकडं चालले. येऊ नको म्हणावं. आला तर दार उघडनार न्हाई." वर चढताना तिने दांडा धरला तेव्हा मी हात पुढे केला, तो तिने पाहिला आणि घेतला नाही.

परत जिना चढताना मी मोजत होतो, पायऱ्या की वाक्यं ते आठवत नाही. सगळे दारातच होते. दयानंद पुढे. घामाने ओलं स्वेटर छातीला चिकटलेलं. "भेटली?" त्याने विचारलं. "काय म्हणाली?" त्याच्या मागे सगळ्यांची तोंडं, माझ्यासाठी सरकलेली ती अकराही त्यांत, आणि सगळ्यांवर उजेड, कारण त्यांनी आज देव काम करताना पाहिला होता. तिचे शब्द माझ्याजवळ होते, जसेच्या तसे. गोकाक. दार. मी तोंड उघडलं. "आनेकलला गेली," मी म्हटलं. "क्षमा केली म्हणाली. रांधून वाट बघते, लवकर पाठवा म्हणाली." खोलीत आमेन झालं. चंद्राबाईंनी गीताचं पुस्तक उघडलं. दयानंद मात्र माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा हळूहळू सुटत गेला. मी खोटारडा आहे हे त्या घरात एकट्या त्यालाच पक्कं माहीत होतं, आणि माझ्यावर त्याच्यासारखा विश्वास आजवर कुणी ठेवलेला नाही. चंद्राबाईंनी घाईघाईने दोघांपुरतं जेवण डब्यात भरून दिलं. तो डबा पोटाशी धरून तो दोन-दोन पायऱ्या सोडत जिना उतरला.